सध्या काय वाचन चालू आहे?



आपल्याकडे दोन माळकरी भेटले की आधी एकमेकांच्या पाया पडतात आणि मग विचारपूस सुरू होते. वारी कशी झाली, सप्ताह कधी बसतो, काल्याला कोण महाराज आहेत, गावाकडे पाऊस पडला का. या विचारपुशीत मी गेली ४-५ वर्षे एका प्रश्नाची भर घातली आहे. भेटेल त्याला मी विचारतो, "सध्या काय वाचन चालू आहे?" आज हाच प्रश्न तुम्हालाही विचारायचा आहे. पण आधी मला काय काय उत्तरे मिळाली ती सांगतो. ती ऐकलीत म्हणजे आपले उत्तर देताना तुम्हाला संकोच वाटणार नाही.

कीर्तनकाराचा जन्म बोलण्यात जातो. २ तास आपण बोलायचे, समोरच्यांनी ऐकायचे, मग बुक्का लावून घेऊन पुढच्या गावची गाडी धरायची. श्रोत्यांच्या घरी कोणती पोथी आहे, ती उघडली जाते की फडक्यात बांधलेली असते, हे विचारायला सवड कोणाला? गळा थकला म्हणून वयाच्या ७१व्या वर्षी मी नारदाची गादी सोडली. आता ७६ चालू आहे. मुलाचे बिऱ्हाड बदलापुरात, त्यामुळे माझाही मुक्काम तिथेच. गळा थकला तरी कान शाबूत आहेत, तेव्हा उरलेले आयुष्य ऐकण्याकडे लावावे असे ठरवले. कल्याण सोडून गाडी कर्जतच्या बाजूला वळली की पहिले स्टेशन लागते ते विठ्ठलवाडी. त्यापुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. पंढरीच्या वाटेएवढी लांब नसली तरी ही ४ स्टेशनांची माझी आताची वारी समजा.

वाचन हा शब्द आपल्या संप्रदायात जपून वापरावा लागतो. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे मी ४ वर्षे राहिलो. तिथली संथा अशी की गुरुजींनी ओवी म्हणायची, आपण मागून म्हणायची, ती तोंडात बसेपर्यंत पुढची मिळायची नाही. पाठ झालेली ओवी वेगळी आणि 'लागलेली' ओवी वेगळी, हे तिथे पहिल्याच वर्षी कळते. ओवी लागली म्हणजे तिचा अर्थ आपल्या अंगाला लागला. पारायण, वाचन आणि चिंतन अशा या ३ पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर गर्दी फार असते.

ज्ञानेश्वरीच्या ओव्या ९ हजारांवर. ७ दिवसांत पारायण करायचे तर रोज सुमारे १३०० ओव्या येतात. व्यासपीठावरचे चालक पुढे म्हणतात, दीडदोनशे वाचक एका सुरात मागे म्हणतात. त्या नादाने मंडप भरून जातो आणि सप्ताहाचे ते सुख मी ५० वर्षे भोगले आहे. त्याला कमी लेखणारा मी कोण? पण काल्याच्या दुसऱ्या दिवशी मांडव उतरवत असताना मी वाचकांना विचारू लागलो, की माउली, या ७ दिवसांत कोणती ओवी तुमच्यापाशी थांबली? बहुतेक जण हसतात. कोणी म्हणते, "महाराज, आमचं हे अकरावं पारायण." मी ओवी विचारलेली असते आणि उत्तरात आकडा येतो.

असे विचारताना अंबरनाथच्या एका बाईंनी मला जे उत्तर दिले, ते ऐकून मी खाली बसलो. वय पन्नाशीचे, पोळी-भाजीचे डबे करून देतात, २ मुलगे त्यांनी त्याच्यावर शिकवले. त्या म्हणाल्या, "बुवा, मी पारायणाला बसलेच नाही यंदा. मी बाराव्या अध्यायात अडकलेय." मी विचारले, कुठे? भक्ताची लक्षणे सांगताना माउलींनी झाडाचा दृष्टान्त दिला आहे, तिथे. घाव घालणारा असो की रोप लावणारा, झाड दोघांनाही सावली सारखीच देते. बाई म्हणाल्या, "दिरांनी गावची जमीन आपल्या नावावर करून घेतली. हे गेल्यावर वर्षाच्या आत. आता त्यांच्या मुलीचं लग्न निघालंय, पत्रिका आलीये. झाडाला जमतं ते मला जमत नाही. मग पुढची ओवी कोणत्या तोंडानं वाचू? ३ आठवडे झाले, रोज तेवढंच वाचते आणि पोथी बांधून ठेवते."

सज्जनहो, त्या अध्यायावर मी कितीतरी वेळा निरूपण केले असेल. झाडाचा दृष्टान्त सांगितला की श्रोते माना डोलावतात आणि टाळकरी लगेच चाल उचलतात. पण त्या दृष्टान्तासमोर ३ आठवडे उभी राहिलेली वाचक मला पहिल्यांदा भेटली. लग्नाला त्या गेल्या की नाही, ते मी विचारले नाही. तो त्यांचा आणि माउलींचा विषय आहे. एवढे सांगतो की वाचन कशाला म्हणावे असे आता मला कोणी विचारले, तर मी त्या डबेवाल्या ताईंकडे बोट दाखवतो.

नाथमहाराजांचे चरित्र आपण सांगतो, तेव्हा त्यांची शांती सांगतो, त्यांचे भूतदयेचे प्रसंग सांगतो. पण नाथमहाराज फार मोठे वाचक होते, हे सांगायचे बहुधा राहून जाते. माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली शके १२१२ मध्ये. पुढे जवळजवळ ३०० वर्षे ती हातोहात उतरली गेली आणि उतरवणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडत गेले. नाथांनी प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्याने स्वतः भागवताच्या एकादश स्कंधावर एवढा मोठा ग्रंथ लिहिला, त्याने दुसऱ्याच्या ग्रंथातले एकेक अक्षर तपासत बसावे, ही केवढी सेवा! शब्द चुकला आहे हे कोणाला कळते? जो थांबून वाचतो, त्यालाच.

आता दुसरे उत्तर ऐका. बदलापूरहून ठाण्याला कारखान्यात जाणारा एक मुलगा आहे, मूळचा बीडकडचा. सकाळच्या लोकलमध्ये तो पाऊण तास उभा असतो. एका हाताने वरची कडी धरलेली आणि दुसऱ्या हातात मोबाईल. मोबाईलमध्ये सार्थ ज्ञानेश्वरी. रोज ४ ओव्या, अर्थासह. आमच्या मंदिरातल्या एका ज्येष्ठांनी त्याला टोकले, की चपला घालून, गर्दीत धक्के खात ग्रंथ वाचतात काय? पोरगा बिचारा गप्प झाला. मी त्या ज्येष्ठांना म्हटले, दादा, माउलींचे शब्द आधी बोलले गेले, मग हाताने उतरले गेले, मग छापखान्यात गेले. तुकोबारायांची गाथा मुंबई सरकारच्या मदतीने १८६९ साली छापून निघाली. आज तुमच्या घरी गाथेची छापील प्रत आहेच ना? तिला तुम्ही हार घालता. शब्द कशावर उमटला, यापेक्षा तो कोणाच्या आत उतरला हे पाहावे. घरी देव्हाऱ्यापुढे सोवळ्याने वाचणाऱ्याने तसेच वाचावे. पण ज्याला देवाने पाऊण तास उभ्याचाच दिला आहे, त्याने तो पाऊण तास माउलींना दिला तर आपले काय बिघडले?

तिसरे उत्तर अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे. त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी हातातले जाडजूड पुस्तक चटकन वर्तमानपत्राखाली सरकवले. मी विचारले, काय वाचता? "काही नाही बुवा, सहज आपलं. अध्यात्मिक नाही." पुस्तक होते शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय'. १९६७ साली निघाले तेव्हापासून मराठी घरांत ते फिरत आहे, आणि हे गृहस्थ चौथ्यांदा वाचत होते. मी म्हटले, लपवता कशाला? कर्ण काय परका आहे? चौथ्यांदा का वाचता तेवढे सांगा. थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला मावशीनं वाढवलं. आई कोण, हे मला १४ वर्षांचा झाल्यावर कळलं. तेव्हा दोघींपैकी कोणाला आई म्हणायचं, हा घोळ आयुष्यभर गेला नाही. राधामाता आली की मी वाचायचं थांबतो, डोळे पुसतो, परत वाचतो."

अशा वाचनाला अध्यात्मिक नाही म्हणायचे? नाथमहाराजांनी भारुडांत जोशी, गोंधळी, वासुदेव, विंचू सगळे आणले. लोक ज्या भाषेत हसतात-रडतात, तिथूनच त्यांनी वाट काढली. कादंबरी वाचणाऱ्याने आपल्यासमोर पुस्तक लपवावे, असा आपला दरारा असू नये. प्रपंचात माणूस कुठे दुखतो हे ज्याला कळते, त्याला अभंगही लवकर लागतो.

चौथे उत्तर मला थोडे अस्वस्थ करून गेले. आमच्याच इमारतीत एक आजी आहेत, जुन्नरकडच्या. त्यांना अक्षरओळख नाही. त्यांची नात नववीत, इंग्रजी शाळेत. पोरगी हुशार आहे, जादूगार मुलांच्या इंग्रजी कादंबऱ्या ४ दिवसांत संपवते, पण मराठी वाचताना प्रत्येक जोडाक्षराला ठेचकाळते. संध्याकाळी ती हरिपाठाचे पुस्तक उघडून आजीला वाचून दाखवते आणि आजी, जिला एक अक्षर येत नाही, ती तिच्या चुका दुरुस्त करते! हरिपाठ आजीच्या जिभेवर लहानपणापासून आहे. जिच्या तोंडी ग्रंथ आहे तिला अक्षर येत नाही, आणि जिला अक्षर येते तिच्या तोंडी ग्रंथ नाही. आज दोघी एका सतरंजीवर बसतात म्हणून काम चालले आहे. आजी किती वर्षे पुरणार? पोरगी मला एकदा म्हणाली, "आजोबा, मला अर्थ कळत नाही, पण आजी चूक काढते तेव्हा मजा येते." मी म्हटले, बाळ, माझ्या गुरुजींपुढे मीही असाच बसत होतो, फक्त मला मजा येत नव्हती, छडीची भीती वाटत होती. ती हसली. पण तुमच्या घरातली सतरंजी आज अंथरली जाते का, हे तुम्ही स्वतःला विचारा.

या चिंतेला आपण फार आपली-आपली समजतो. उल्हासनगरात ती मला दुसऱ्या रूपात भेटली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तिथल्या बराकींत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अजूनही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. तिथे माझ्या ओळखीचे एक सिंधी गृहस्थ आहेत, वय ८०च्या पुढे. लहानपणी आईच्या कडेवर आले. आता कपड्याचे दुकान मुलांकडे आहे. मी त्यांना साईं म्हणतो, ते मला महाराज म्हणतात. त्यांनाही विचारले, "सध्या काय वाचता?" त्यांनी एक छोटे पुस्तक उघडले. मला वाटले शेवटचे पान उघडले, तर ते पहिले होते. सिंधीची अरबी वळणाची लिपी उजवीकडून डावीकडे चालते. त्यांनी चष्मा पुसला, ४ ओळी वाचल्या आणि म्हणाले, "ये आपका है, महाराज. नामदेव."

आपल्या नामदेवरायांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबात आहेत, हे मी कीर्तनात सांगत आलो होतो. पंजाबात घुमानला त्यांचे स्थान आहे आणि २०१५ साली मराठी साहित्य संमेलनही तिथे भरले. गुरु नानकांना मानणारी सिंधी कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यांच्या दरबारात ग्रंथसाहेबाचा पाठ चालतो. पण सिंध सोडून आलेल्या माणसाच्या तोंडून, उल्हासनगरच्या एका गल्लीत, दुकानांच्या गोंगाटात नामदेवराय ऐकणे वेगळे. आपले नामदेव पंढरीहून उत्तरेला गेले आणि या माणसाच्या पूर्वजांकडे राहिले. मग ते निर्वासितांच्या बोचक्यातून परत आपल्याकडेच आले.

मग साईंनी पलंगाखालची पेटी ओढली. तिच्यात ४०-४५ पुस्तके. शाह अब्दुल लतीफ यांचा रिसालो, सामींचे श्लोक, जुनी मासिके. सगळी त्याच लिपीत. १९६७ साली सिंधी भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, मान मिळाला. पण साईंच्या ३ मुलांना ती लिपी धड येत नाही आणि नातवंडांना मुळीच येत नाही. घरात बोलणे सिंधी, पण वाचणारे साईं एकटे. "मेरे बाद ये रद्दी में जाएगा," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, दुकानातला हिशेब सांगावा तसे सांगितले.

तेव्हापासून महिन्यातून एकदोनदा दुपारी मी त्यांच्याकडे जातो. ते वाचतात, मी ऐकतो. निम्मे कळत नाही. ध्रुपद कुठे पडते एवढे कळते, आणि डोळे कुठे मिटतात ते दिसते. अलीकडे त्यांचा कॉलेजात जाणारा नातू शेजारी बसून मोबाईलवर आवाज भरून घेतो आणि जमेल तेवढे देवनागरीत उतरवतो. पेटीतले सगळे त्याच्याच्याने होणार नाही, हे तिघांनाही माहीत आहे. तरी ते चालू आहे.

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा लेख दगडात कोरलेला आहे, माउलींच्या ग्रंथाच्या २३० वर्षे आधीचा. दगड एवढी वर्षे टिकला, तरी लेखाचा अर्थ कळला तो वाचणारा भेटला तेव्हा. मग कागदाचे काय सांगावे? आमच्या बदलापुरात श्याम जोशी या शिक्षकांनी 'ग्रंथसखा' वाचनालय उभे केले, दुर्मिळ पुस्तके आणि जुनी नियतकालिके जमवली. साताऱ्याकडे भिलार हे पुस्तकांचे गाव २०१७ पासून आहे. १५ ऑक्टोबरला शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिन होतो. हे सगळे चांगलेच आहे. पण ग्रंथ कपाटात टिकला म्हणजे संप्रदाय टिकला असे नाही. एकाने वाचावे, दुसऱ्याला सांगावे, आणि सांगताना ते आपल्या शब्दांत सांगावे, तेव्हा तो पुढे सरकतो.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत. ऐकणारे कोण, तर कैदी. त्यांत साने गुरुजी होते, त्यांनी ती प्रवचने लिहून घेतली आणि 'गीता प्रवचने' हा ग्रंथ झाला. पंढरीची दारे सर्वांना उघडावीत म्हणून १९४७ साली उपोषण करणारे ते हेच गुरुजी. एकाने आपले वाचन मोकळेपणाने सांगितले आणि दुसऱ्याने मनापासून ऐकले, म्हणून तो ग्रंथ आपल्या हाती आला.

म्हणून आम्ही बदलापुरात एक साधी गोष्ट सुरू केली आहे. एकादशीला हरिपाठ झाला की १५ मिनिटे बसायचे. ज्याला सांगायचे आहे त्याने सध्या काय वाचतो आहे ते सांगायचे. ३ पथ्ये ठेवली आहेत. किती पारायणे झाली तो आकडा सांगायचा नाही. जे सांगायचे ते पाठ म्हणून न दाखवता आपल्या शब्दांत सांगायचे. आणि दुसऱ्याच्या पुस्तकाला नाव ठेवायचे नाही. पहिल्या एकादशीला ५ जण थांबले, त्यातले दोघे प्रसादासाठी. आता पंधरावीस जण असतात. ऑर्डनन्सवाल्या गृहस्थांनी कर्ण सांगितला. लोकलमधला पोरगा त्याच्या ४ ओव्या सांगतो. एका कंडक्टरने आपल्या मुलीच्या शाळेच्या पुस्तकातला धडा सांगितला आणि सगळे शांत ऐकत राहिले.

तुम्ही म्हणाल, बुवा, तुमचे काय चालू आहे? मोतीबिंदूचे ऑपरेशन एका डोळ्याचे झाले, दुसऱ्याने धूसर दिसते. भिंग घेऊन दिवसाला ३-४ पाने होतात. सध्या दि. बा. मोकाशींचे 'पालखी' वाचतो आहे, १९६४ साली निघालेले. मोकाशी कथाकार. माउलींच्या पालखीबरोबर चालले आणि जे दिसले ते लिहिले. मी त्या वाटेने ४० वर्षे चाललो, पण आपल्या शेजारून चालणाऱ्याला आपण कसे दिसतो, हे वारकऱ्याला कुठे कळते? माझ्यासारख्या कीर्तनकाराने हे पुस्तक म्हातारपणी वाचावे यात मला काही वावगे वाटत नाही. सकाळची ज्ञानेश्वरी मात्र आता डोळ्यांनी होत नाही, ती पाठातूनच होते.

आमच्या घरच्या ज्ञानेश्वरीच्या पुठ्ठ्याच्या आत वडिलांनी शिसपेन्सिलीने आपले नाव आणि वाचन सुरू केल्याची तिथी लिहिली आहे. त्याखाली माझे नाव आहे. तिसऱ्या नावाची जागा मोकळी आहे. मुलगा माळकरी आहे, चांगला आहे, पण तो म्हणतो, "बाबा, मला मोठी अक्षरे लागतात, नवी प्रत घेईन." त्याचे खरे आहे. मी ठरवले आहे की जो कोणी माझ्यासमोर बसून, अडखळत का होईना, एक अध्याय वाचेल, मध्ये थांबेल आणि हे मला कळले नाही असे म्हणेल, त्याच्या हाती ती पोथी द्यायची. खालच्या मजल्यावरची नववीतली पोरगी हरिपाठाच्या विसाव्या अभंगापर्यंत आली आहे. घाई नाही.

तर माउली, यंदा दिंडीत चालताना, सप्ताहात पंगतीला बसल्यावर, नाहीतर रोजच्या लोकलमध्ये शेजारच्याला एवढे विचारा, सध्या काय वाचन चालू आहे? तो लाजला तर आधी तुमचे सांगा. आणि त्याने सांगायला सुरुवात केली, की मध्ये बोलू नका.

रामकृष्णहरी.